कै. सौ. म्हणजे कोण?

दिवाळीच्या अंकात मेलेल्या बायकांचा विषय काढते म्हणून कोणी नाक मुरडू नये. आपला हा सण सुरू होतो तोच मुळी धनत्रयोदशीला कणकेचा दिवा करून, त्याची वात दक्षिणेकडे वळवून, यमाच्या नावाने तो दाराबाहेर ठेवून. पहिला मान यमाचा आणि मग आपले चिवडे-शंकरपाळे. तेव्हा चिवड्याचा डबा जवळ घेऊनच पुढचे वाचले तरी माझी हरकत नाही. मात्र वाचावे एवढी विनंती आहे. कारण मी भांडायला बसले आहे आणि भांडणाला समोर कोणी तरी लागतेच.

भांडण आहे एका यादीशी.

आमच्या महिला महाविद्यालयाचा हीरकमहोत्सव झाला. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. एक तर तेथील मंडळींनी मला चार अक्षरे शिकविली, आणि दुसरे म्हणजे जे त्यांनी केले तेच दुसरीकडेही सर्रास होते. एकट्याच्या डोक्यावर खापर फोडणे अन्यायाचे होईल. तर महोत्सवानिमित्त एक जाडजूड, गुळगुळीत कागदाची स्मरणिका निघाली. तीत शुभसंदेश होते, हार घातलेल्या पाहुण्यांची छायाचित्रे होती, संस्थापकांचे सविस्तर चरित्र होते, इमारत निधीच्या देणगीदारांची नावे रकमेसह होती. आणि अगदी शेवटी, बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात आणि सराफाची जाहिरात यांच्या मध्ये, काळ्या चौकटीत दीड पान होते: 'आमच्या दिवंगत माजी विद्यार्थिनींना भावपूर्ण श्रद्धांजली.'

त्या दीड पानात सगळ्या 'कै. सौ.' आणि 'कै. श्रीमती' दाटीवाटीने उभ्या होत्या. प्रत्येकीचे सासरचे नाव, मध्ये नवऱ्याचे नाव, मग सासरचे आडनाव, आणि पुढे कंसात तिची ओळख. अमुक वकिलांच्या पत्नी. तमुक माजी सभापतींच्या मातोश्री. एकीच्या पुढे तर 'जावई अमेरिकेत इंजिनियर' एवढेच होते. बाईने जन्मभर काय केले, तर जावई मिळविला! कोण कोणत्या साली शिकली, कोणत्या गावाहून आली, तिचा विषय कोणता होता, पुढे तिने काय केले, यांपैकी एकही अक्षर नव्हते. ही यादी महिला महाविद्यालयाची होती की एखाद्या लग्नपत्रिकेतील 'आपले विनीत' या सदराची, हे वरचा मथळा झाकला असता तर कोणाला सांगता आले नसते.

मी ती यादी दोनदा वाचली. चहा पीत वाचली आणि मनाशी म्हटले, देवाची कृपा, आपल्या ओळखीची यात कोणी नाही. स्मरणिका फडताळात ठेवून दिली. आठ दिवसांनी एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, "अगं, पाहिलंस ना, आपली गेली ते?" मी विचारले, कोण आपली? तिने नाव सांगितले, आणि माझ्या हातापायांतील बळ गेले. चार वर्षे मी जिच्याबरोबर वसतिगृहाच्या एका खोलीत काढली, जिच्या ट्रंकेतील शेंगदाण्याची चटणी खाऊन मी परीक्षांचा अभ्यास केला, ती माझी मैत्रीण त्या यादीत तेरावी होती. तिला जाऊन तीन वर्षे झाली होती. मी तिच्या नावावरून दोनदा डोळे फिरविले होते आणि वर देवाचे आभारही मानले होते.

याचे कारण सोपे आहे. लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने लिहून तिचे पहिले नावही बदलले होते. ते नवे नाव मी त्या मांडवात एकदा ऐकले असेल, पुन्हा कधी नाही. कारण मला पत्र लिहिताना ती अखेरपर्यंत आपल्या जुन्याच नावाने सही करी. सासरचे आडनाव म्हणाल, तर ते आमच्या जिल्ह्यात दर पाचसात घरांमागे एक आहे. नवऱ्याला मी ओळखत नव्हते. म्हणजे यादीतील त्या तीन शब्दांत, ज्या मुलीला आम्ही ओळखत होतो तिचे असे काहीच शिल्लक नव्हते. ज्या महाविद्यालयाने तिचे नाव आपल्या रजिस्टरात लिहून तिला आत घेतले होते, त्यानेच निरोप देताना ते नाव काढून ठेवले.

तिचे नाव मी येथे छापीत नाही. तिच्या मुलांना मी विचारलेले नाही, हे एक. आणि ते छापण्याचे काम तिच्या कॉलेजचे आहे, दिवाळी अंकात भांडणाऱ्या म्हातारीचे नव्हे, हे दुसरे. पण ती कोण होती हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

आम्ही दोघी १९७२ साली बी. ए. झालो. तेव्हा अमरावतीला विद्यापीठ नव्हते, ते १९८३ चे; आमची पदवी नागपूर विद्यापीठाची. ते वर्ष दुष्काळाचे होते. घाटावरच्या तिच्या गावी विहिरीला पाणी नव्हते आणि बाप खडी फोडायच्या कामावर जात होता. तशात ती मेहकराकडच्या एका खेड्यातील शाळेत शिक्षिका म्हणून लागली. पुढे लग्न झाले तेव्हा सासरच्यांनी नोकरी सोडायला सांगितली. तिने सोडली नाही. कशी सोडली नाही याची कथा मोठी आहे, आणि ती मला जेवढी माहीत आहे तेवढी सगळी सांगण्यासारखी नाही. सत्तावीस वर्षे तिने मराठी आणि इतिहास शिकविला. सातवीनंतर ज्या मुलींचे नाव घरचे काढून घेत, त्यांच्या दाराशी ती संध्याकाळी जाऊन बसे. भांडत नसे, नुसती बसे. चहा दिला तर घेई, नाही दिला तरी बसे. शेवटी घरधनी कंटाळून म्हणे, "बाई, न्या पोरीला, पण उठा." अशा उठविलेल्या मुलींची संख्या तिने मला एका पत्रात कळविली होती. ते पत्र माझ्याजवळ आहे.

आणि स्मरणिकेत काय? कंसात 'अमुक वकिलांच्या पत्नी.' वकीलसाहेबांबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण त्या महाविद्यालयात ते शिकायला नव्हते!

मी समितीच्या चिटणीसबाईंना फोन केला. बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, "ताई, कुटुंबीयांनी जे पाठवलं ते आम्ही छापलं. आम्ही कुठं शोधणार? लग्न झालं की मुलींचा पत्ताच लागत नाही." हे उत्तर वाईट हेतूचे नाही, म्हणूनच ते अधिक धोक्याचे आहे. मुलींचा पत्ता लागत नाही हे खरे. परंतु नावाचा पत्ता तर तुमच्याच कपाटात आहे. प्रवेशाच्या वेळचे रजिस्टर कोणत्याही महाविद्यालयाला जपून ठेवावेच लागते. त्यावाचून दाखल्याची दुसरी प्रत निघत नाही. त्यात नाव, जन्मतारीख, गाव, आधीची शाळा, सगळे आहे. कुटुंबीयांनी जे पाठविले त्याच्या शेजारी ही एक ओळ लिहायला किती शाई लागते? देणगीदाराच्या रकमेतील शेवटचे शून्य चुकू नये म्हणून जी मंडळी तीनदा मुद्रिते तपासतात, त्यांना हे जड जाऊ नये.

कोणी म्हणेल, नावात काय आहे, बाईसाहेब, नावे येतात आणि जातात. अशांनी एकदा बुलढाण्यास यावे. मी मूळची तेथलीच. हे गाव घाटमाथ्यावरचे, हवा थंड. मलकापुराकडून राजूर घाट चढून आले की उन्हाळ्यातसुद्धा जरा बरे वाटते. इंग्रजी अमलात येथे जिल्ह्याची कचेरी होती आणि त्या कचेरीत बापूजी हरी शिंदे नावाचे हेडक्लार्क होते. त्यांची मुलगी ताराबाई. मुलीला शाळेत घालावे अशी सोय त्या गावात कुठली असणार? बापाने घरीच मराठी शिकविले, संस्कृत आणि इंग्रजीचीही ओळख करून दिली. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली, आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्याचा उद्धार सुरू झाला. त्यावर बुलढाण्याच्या या बाईने 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ती छापली गेली; प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. जे दुर्गुण तुम्ही स्त्रियांच्या माथी मारता ते तुमच्या अंगी किती आहेत ते एकदा मोजू या, असा तिचा रोखठोक सवाल होता, आणि तो तिने कोणाची भीडमुर्वत न ठेवता विचारला. लोक खवळले. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये १८८५ साली तिची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही.

पुढे काय झाले? काही नाही. पुस्तक विस्मरणात गेले. मी त्याच गावात वाढले. शाळेत गेले, वक्तृत्वस्पर्धेत 'स्त्रीशिक्षणाचे महत्त्व' या विषयावर ढाल मिळविली, आणि ताराबाई शिंदे हे नाव माझ्या कानांवर एकदाही पडले नाही. आमच्या बाईंनाही ते ठाऊक नव्हते. आम्ही १९७२ मध्ये पदव्या घेऊन बाहेर पडलो आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक शोधून पुन्हा छापले, तेव्हा कोठे बुलढाणेकरांना कळले की आपल्या गावात अशी एक बाई राहून गेली. १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅन्लन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. आज ते दूरदूरच्या विद्यापीठांत वाचतात. एवढे होऊनही तिच्या जन्माचे साल सांगताना 'सुमारे १८५०' म्हणावे लागते आणि मृत्यूचे सांगताना 'सुमारे १९१०'. हा 'सुमारे' मला फार झोंबतो. तिला महाविद्यालय नव्हते, शाळेचे रजिस्टर नव्हते, मूलबाळ नव्हते. तिला 'सुमारे' आले तर ते समजू शकते. पण जिला चार वर्षांचे हजेरीपट आहेत, परीक्षेचे निकाल आहेत, तिलाही आपण 'सुमारे' करून टाकावे?

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. शिंदे हे तिच्या बापाचे आडनाव. नवरा घरजावई होता. त्याचे नाव आज कोणी विचारीत नाही आणि त्यामुळे कोणाचे काही अडलेलेही नाही. नऊ आण्यांच्या त्या पुस्तकावर तिने बापाचे आडनाव लावले आणि म्हणून शंभर वर्षांनी ती सापडली. 'कै. सौ. अमुक तमुक' म्हणून ती कोणाला कोठे सापडली असती?

(आमच्या जिल्ह्याला याची खोड जुनीच असावी. साऱ्या महाराष्ट्रात जिजाबाई शिवरायांच्या आईसाहेब आहेत. पण १२ जानेवारीला सिंदखेडराजाला या; लखुजीराव जाधवांच्या वाड्यात लोक येतात ते जाधवांच्या लेकीचा जन्म झाला ती जागा पाहायला.)

आता जिला महाविद्यालय होते तिचे पाहू. आनंदीबाई जोशी सर्वांना माहीत आहेत. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यास क्षयाने गेल्या. मूळ नाव यमुना. आनंदी हे लग्नातले. येथे आपण काय केले आणि तेथे त्यांनी काय केले, हे ताडून पाहण्यासारखे आहे. तिच्या अस्थी समुद्रापार गेल्या, आणि ज्या कार्पेंटरबाईंनी तिला मुलीप्रमाणे घरात ठेवले होते त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली. महाविद्यालयाने तिचे कागद आणि छायाचित्र जपले. साडी नेसलेली आनंदीबाई, किमोनोतील जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लांबुली, या तिघींचे ते १८८५ सालचे छायाचित्र पाहिले नाही असा वाचक विरळाच. आपल्याकडे १८८९ साली काशीबाई कानिटकरांनी तिचे चरित्र लिहिले. स्वतः चोरून-मारून वाचायला शिकलेल्या बाईने दुसऱ्या बाईचे लिहिलेले ते चरित्र, हीच आपली जमेची बाजू.

पण एवढ्यावर खूश होण्यात अर्थ नाही. त्याच महाविद्यालयातून १८९२ साली आणखी एक मराठी बाई डॉक्टर होऊन परत आली: गुरुबाई करमरकर. ती मेली नाही, आजारी पडली नाही. मुंबईस अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसांहून अधिक वर्षे रोगी तपासीत राहिली. तिचे नाव किती घरांत ठाऊक आहे? माझ्या फराळाला आलेल्या मंडळींना मी विचारले. पंधरांत एकालाही नव्हते. ती ख्रिस्ती होती हे त्याचे एक कारण असेल. मला दुसरेही एक दिसते. आनंदीबाईंनी एकाही रोग्याला आपल्या देशात औषध देण्याआधी प्राण सोडला. तिच्यावर रडता येते. गुरुबाईंवर रडता येत नाही, तिचे काम मोजावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत आपल्याला रडणे जमते, मोजणे जमत नाही. श्रद्धांजली 'भावपूर्ण' असते ती उगीच नव्हे!

सरकारचेही असेच अर्धे. ११ मार्च २०२४ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीच्याच तारखेला, आपल्या मंत्रिमंडळाने ठरविले की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचे नाव घालायचे. उत्तम केले. मात्र विवाहित स्त्रीचे स्वतःचे नाव पूर्वीप्रमाणेच लिहायचे: तिचे, मग नवऱ्याचे, मग आडनाव. पोटच्या पोराच्या नावात आई शिरली, पण स्वतःच्या नावात ती होती तेथेच राहिली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, विधवांना 'गं. भा.' म्हणावे असा विचार सरकारी पातळीवर निघाला होता. केवढा गदारोळ झाला! बायकांनी तो हाणून पाडला हे चांगले झाले. पण ज्या बायका 'गंगाभागीरथी'वर तुटून पडल्या त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरच्या निमंत्रणपत्रिकांवर 'सौ.' आणि 'श्रीमती' यांची चाळणी अजून चालूच आहे. नवरा आहे की नाही, हे नावाच्या आधी कळलेच पाहिजे. पुरुषाला हा प्रश्न कोणी मेल्यावरही विचारीत नाही. तो जिवंतपणी श्री. आणि नंतर नुसता कै.

आता जे लिहिते ते सणाच्या दिवसांत लिहू नये असे मला घरच्यांनी सांगितले. त्या यादीत आणखी एक नाव होते. ते मी ओळखले, कारण आमच्या वर्गातील पहिले लग्न तिचे आणि पहिले मरणही तिचेच. लग्नाला दुसरे वर्ष लागले नव्हते. शेतातल्या विहिरीत सापडली. पाय घसरला असे सांगण्यात आले. पायऱ्यांच्या विहिरीत, उन्हाळ्यात, भर दुपारी. तिचा बाप दहाव्याला आमच्या खोलीवर आला होता, तिची राहिलेली पुस्तके न्यायला. पुस्तके न घेताच परत गेला. स्मरणिकेत तिच्या नावापुढे 'अल्पशा आजाराने निधन' असे आहे, आणि कंसात त्याच घराचे नाव आहे. मी कोणावर आरोप करीत नाही. मला पुरावा ठाऊक नाही. पण खोटा आजार छापण्याचे महाविद्यालयाला काय कारण? जे माहीत नाही ते लिहू नये. 'विवाहानंतर दुसऱ्या वर्षी मृत्यू' एवढे खरे वाक्य लिहिले असते तरी आज त्याच बाकांवर बसलेल्या मुलींनी ते नीट वाचले असते.

मयताविषयी वाईट बोलू नये, असे म्हणतात. मान्य. पण मयताविषयी खोटे बोलावे असे कोणत्या पोथीत आहे?

आणि हो, 'गृहिणी' होती म्हणून लिहिण्यासारखे काही नव्हते, असे मला कोणी सांगू नये. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक जणी गृहिणीच झाल्या. त्यांतल्या एकीने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे अकरा वर्षे केले आणि त्या काळात रात्री कंदिलाशी बसून एम. ए. केले. एकीने धाकट्या जावेला स्वतःच्या बांगड्या मोडून नर्सिंगला पाठविले. एकीने काहीही केले नाही, नुसती आनंदात राहिली, उत्तम गात असे. तेही लिहावे. 'उत्तम गात असे' ही ओळ 'सभापतींच्या मातोश्री' या ओळीपेक्षा मला हजारपट मोलाची वाटते, कारण ती तिच्याच गळ्याविषयीची आहे.

फोनवर काही होईना म्हणून मी श्रावणात स्वतः महाविद्यालयात गेले. कार्यालयात एक तरुण कारकून होता, चांगला मुलगा. मी साल सांगितले, त्याने कपाटाच्या खालच्या फळीवरून रजिस्टर काढले, फडक्याने धूळ झटकली आणि मला बसायला खुर्ची दिली. पाने पिवळी पडली होती पण अक्षर स्वच्छ होते. १९६८. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, आधीची शाळा. तिच्या खालच्याच ओळीत मी. आम्ही दोघी रांगेत एकामागे एक उभ्या होतो ते मला तेव्हा आठवले. माझी शाई संपली म्हणून तिने आपले पेन मला दिले होते. दोन्ही सह्या एकाच निळ्या शाईच्या आहेत.

मी ओळ उतरून घेत होते. कारकून जरा वेळ पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, "बाई, ह्या तुमच्या कोन लागत होत्या?"

मी म्हटले, वर्गातल्या.

ती ओळ, तिच्या पत्रातील मुलींची संख्या आणि माझ्या हातचा अर्धा पान मजकूर असे सगळे मी समितीकडे टपालाने पाठविले आहे. सोबत माझीही एक ओळ माहेरच्या नावाने लिहून दिली आहे. म्हणजे वेळ आल्यावर त्यांना कोणाला विचारावे लागू नये. स्मरणिकेची पुरवणी दिवाळीनंतर निघणार असे कळते. उत्तर अद्याप आलेले नाही.